आईचा डावा हात

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. तुला तो माझ्याकडून नको असेल असे गृहीत धरून वगळला आहे. हवाच असेल तर मावशीकडून घे, तिच्याकडे मुबलक साठा आहे.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. पत्रही बाजूला ठेवता येते, पण ते आपले म्हणणे मध्येच सोडत नाही, एवढा त्याचा फायदा.

तुझी सही पोहोचली. डॉक्टरांनी तो कागद आईच्या फायलीत लावला आणि तुझ्या सहीशेजारची रिकामी जागा मला बोटाने दाखवली. आईच्या छातीत पुन्हा कफ भरला, तर तिला रुग्णालयात न्यायचे नाही, घशात नळी घालायची नाही, यंत्रावर ठेवायचे नाही, घरच्या घरी शांतपणे जाऊ द्यायचे, असा त्याचा आशय. दोन्ही मुलांची संमती हवी. तू तुझी दिलीस, आणि सोबत मावशीच्या तोंडी निरोपही धाडलास. तिने तो तुझ्या आवाजात म्हणून दाखवला: "आई त्या शरीरातून केव्हाच उठून गेलीय. ताईला सांग, शेवट लांबवू नकोस, तुझी जुनी खोड आहे ती."

वाक्य चांगले आहे. तुझी वाक्ये चांगलीच असतात. ती तपासलेली नसतात, एवढीच माझी तक्रार होती आणि आहे.

मी सही करणार नाही. आई ऐकते आहे, आणि मी ते सिद्ध करणार आहे.

तुझी स्मरणशक्ती सोयीप्रमाणे चालते, म्हणून वस्तुस्थिती नोंदवून ठेवते. आपण दोघांनी लिहिलेली प्रत्येक पटकथा निर्मात्याच्या आधी आईसमोर वाचली गेली. मी बायकांचे संवाद लिहायचे, तू पुरुषांचे, आणि निवाडा तिचा. कुटुंब न्यायालयात न्यायाधीश म्हणून हयात काढलेल्या बाईला खोटे वाक्य आपल्याला खडा लागावा तसे दाताखाली लागते. न्यायासनावर उजव्या हाताने तिचे टिपण चालू असे, म्हणून वकिलाला थांबवायला ती डावा हात वर करी. तीच सवय घरी आली. तळवा समोर, बोटे जुळलेली. हात वर आला की ते वाक्य खोडायचे. कारण विचारायचे नाही, अपील करायचे नाही.

अर्धांगाने तिची उजवी बाजू नेली आणि वाचा नेली. डावा हात अजून तिच्याकडे आहे. दिवसभर ती त्याने पांघरुणाची कड चाळवत असते. डॉक्टरांच्या मते ती निरर्थक हालचाल आहे. डॉक्टरांनी तिला न्यायासनावर पाहिलेले नाही.

अर्धांगाआधीच्या शेवटच्या वाचनाला तिने तुझ्या प्रसंगावर हात वर केला होता, बाबा घर सोडून जातात त्या. तू तो पुन्हा वाचलास, तिने पुन्हा केला. तेव्हा तू पाने टेबलावर नीट रचून ठेवलीस आणि म्हणालास, "तुम्हा दोघींचं कोर्ट चालू द्या. मला समन्स पाठवू नका."

हे समन्स नाही. केवळ माहितीसाठी कळवते आहे. त्याच पटकथेचा नवा खर्डा मी तिला वाचून दाखवणार आहे. एका वाक्यावर जरी हात वर आला, तरी तुझी सही निरर्थक ठरेल.

हे पत्रही तिच्या खोलीत मोठ्याने वाचून मगच पाकिटात घालते आहे. कानाने तपासल्याशिवाय मी काही बाहेर जाऊ देत नाही, हे तुला माहीत आहे. तिने आक्षेप घेतलेला नाही.

तुझी मोठी बहीण


२० फेब्रुवारी

धाकट्या,

वाचन पूर्ण झाले.

सकाळी सिस्टर आईचे अंग पुसते, केस विंचरते आणि उशांच्या आधाराने तिला बसवते. त्यानंतर थोडा वेळ तिचे डोळे स्वच्छ असतात. मी ती वेळ घेतली. मावशीही ऐकायला आली. दुसऱ्या प्रसंगापर्यंत तिने 'हं, हं' केले, तिसऱ्याला तिची मान छातीवर टेकली. जागी झाल्यावर म्हणाली, "छानच आहे गं. एखादं गाणं टाक मात्र."

आईचा हात एकदाही वर आला नाही.

त्या दिवशी मला झाला तो निव्वळ आनंद होता, हे कबूल करते. आपल्या एकाही खर्ड्याला हे भाग्य लाभले नव्हते. दिवसभर लोकांच्या मोडलेल्या संसारांचे निकाल देणारी आणि संध्याकाळी स्वतःच्या घरात निरुत्तर होणारी एक न्यायाधीश. आणि जिच्यावरून ती बेतली, त्या बाईने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका शब्दाला हरकत घेतली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. दोन कप भरले. दुसरा कोणासाठी भरला ते मला सांगता येत नाही, तो तसाच ओतून दिला.

खर्डा त्याच दुपारी दिग्दर्शकाकडे पाठवला.

सिस्टर औषधे काढत होती. म्हणाली, "ताई, एक बोलू? रागवायचं नाही."

"बोला."

"तुम्ही वाचत होता ना, तेव्हा आजी पंख्याकडे बघत होत्या."

"ऐकताना माणूस कुठेतरी बघणारच."

"पण पंखा बंद होता, ताई."

मी तिला समजावून दिले की आईने सगळ्या साक्षी छताकडे बघतच ऐकल्या आहेत, साक्षीदाराच्या तोंडाकडे पाहिले की माणूस फसतो असे तिचे मत होते. हे खरे आहे. तरी रात्रभर मला एक वाक्य टोचत राहिले. खर्ड्याच्या मध्यावर नायिकेची मैत्रीण तिला म्हणते, "तू फार कणखर आहेस गं." जागा भरायला ते वाक्य घातले होते, नंतर बदलायचे म्हणून, आणि राहून गेले. आईला कोणी कणखर म्हटले की ती काय म्हणायची, आठव. "ज्याला मदत करायची नाही, त्याला देतात हा हुद्दा."

ते वाक्य तिच्यासमोर मी खणखणीत आवाजात वाचले होते, आणि ते सुटले.

निर्दोष सुटका झाली काय किंवा न्यायाधीशच जागेवर नसला काय, बाहेरून फरक दिसत नाही. म्हणजे चाचणी उलटी हवी. तिला मान्य होईल असे लिहून काही सिद्ध होणार नाही. तिला सोसणारच नाही असे काहीतरी लिहायला हवे.

उद्यापासून मी वाईट लिहिणार आहे.

तुझी मोठी बहीण


१ मार्च

धाकट्या,

वाईट लिहिणे सोपे असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते कधी ठरवून केलेले नसते. तू ते न ठरवता करायचास, ती गोष्ट वेगळी. (हे खोडत नाही. तू हसला असशील.)

पहिल्या दिवशी टेबलाशी बसून एकही पान निघाले नाही. वाक्य घसरू लागले की हात आपोआप ते सावरतो. इतक्या वर्षांत कमावलेले सगळे कसब एखाद्या मोलकरणीसारखे मागून येऊन सांडलेले पुसून घेत होते. शेवटी मावशीकडे गेले आणि तिच्या दूरदर्शन मालिका तिच्याबरोबर बसून पाहिल्या. मावशीला वाटले मी तिच्यासाठी आले. तिने माझ्या डोक्याला तेल लावले. घरी आले आणि भराभर लिहून काढले. नमुना देते:

"न्यायाधीश खिडकीत उभी. बाहेर वीज चमकते. ती (स्वतःशीच, अश्रू आवरत): साऱ्या जगाला न्याय दिला मी, पण माझ्या घरट्याला..."

ही तीन टिंबे नीट पाहून घे. हयातीत प्रथमच वापरली आहेत.

आईसमोर वाचले. वीज, घरटे, टिंबे, सगळे. डावा हात पांघरुणाची कड चुणत राहिला. मागे हुंदका ऐकू आला म्हणून वळले, तर सिस्टर डोळे पुसत होती. "किती सुंदर लिहिलंय हो. आधीचं मला काही कळलंच नव्हतं. वाटायचं, आपणच कमी शिकलेले."

मग मी तिचे वर्मावरचे शब्द काढले. न्यायालयात जो 'मुलांसाठी' म्हणतो तो स्वतःसाठी बोलत असतो, असे ती म्हणायची आणि हात वर करायची. मी नायकाला एक अख्खे भाषण दिले, त्यात 'मुलांसाठी' हा शब्द प्रत्येक ओळीत घातला. हात वर आला नाही.

मग बाबांना परत आणले. दारात बॅग घेऊन उभे, पिकलेले केस, "चुकलो मी." आणि आपली नायिका, जिने आयुष्यात कोणाला विनाकारण पाणीसुद्धा विचारले नाही, ती म्हणते, "हातपाय धुऊन घ्या, पानं वाढते." वाचताना मलाच लाज वाटली. पूर्वी असते तर तिने हात वर केला नसता, उठून पाने फाडली असती.

पंख्याकडे पाहत होती. पंखा चालू होता, एवढे तिच्या बाजूने नोंदवते.

डॉक्टरांनी पुन्हा फाईल पुढे केली. मी म्हणाले, काम चालू आहे.


९ मार्च

धाकट्या,

एक अपघात झाला. तुला त्यातला विनोद कळेल, म्हणून कळवते.

दिग्दर्शक खर्ड्यावर बोलायला घरी आला. तू त्याला पाहिलेले नाहीस. पोरगेला आहे, बूट काढताना भिंतीला टेकतो आणि प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं आहे' पासून सुरू करतो. आईला नमस्कार करायला तिच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आत जाऊन पाहते तर पलंगाच्या कडेवर बसून ती वाईट पाने वाचतो आहे.

"ती ठेवा. ती पटकथेतली नाहीत."

"म्हणजे कसं आहे, मॅडम, हीच पटकथेत हवीत."

"वीज चमकते ते?"

"ते नाही हो. ते हसायला आलं. हा शेवटचा."

शेवटचा प्रसंग मी आदल्या दिवशी लिहिला होता. वाईट लिहिण्याच्या मार्गावर मी कुठवर पोहोचले होते, ते त्यावरून कळावे: म्हातारी न्यायाधीश अंथरुणाला खिळली आहे आणि मुलगी उशाशी गुडघे टेकून तिला विचारते, "ऐकतेस ना? एवढं एकदा सांग, ऐकतेस ना?" पानभर तेवढेच. ना उपरोध, ना वळण, मुलीला स्वतःची अशी एक ओळ नाही. नवख्या लेखकाच्या हस्तलिखितात असे पान आले तर मी पुढचे पान उलटत नाही.

"हा खोटा लिहिलाय," मी म्हणाले. "मुद्दाम."

"मग खोटं तुम्हाला जास्त जमतं," तो म्हणाला. "तुमचा खर्डा वाचताना मला सतत वाटत होतं, आपली परीक्षा चालली आहे. हे वाचताना नाही वाटलं."

मी त्याला चहा न देता वाटेला लावले. दुसऱ्या दिवशी निर्मात्याचा फोन आला की चित्रपटाचा शेवट सापडला म्हणून सगळे खूष आहेत. जे काम मी चोख केले, त्याने कोणाच्या घरी चूल पेटली नाही, आणि जे वाकडे केले त्यावर मंडळी पंगत मांडून बसली आहेत. मी सांगितले, ते पान मिळणार नाही. निर्माता म्हणाला, "विचार करा, ताईसाहेब. तुमचे बंधू असते तर हो म्हणाले असते."

म्हणाला असतास का?

उत्तराची अपेक्षा नाही. अपेक्षा करण्याची सवय मी सोडली आहे. तो प्रसंग आईला वाचून दाखवला होता, हे सांगायचे राहिले. मी गुडघे टेकले नव्हते. खुर्चीवर बसून, नेहमीच्या आवाजात, दोनदा वाचला.

हात वर आला नाही.


१७ मार्च

धाकट्या,

आज एक प्रसंग उभा राहिला. दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही, म्हणून तुला लिहिते. लेखनाच्या धंद्यात जे थोडे सुख आहे ते असे अवेळी येते, आणि ते कशाने होते हे ओळखणारा माणूस शोधायला गेले तर पत्ता तुझाच निघतो.

बाबा जातात तो प्रसंग. तू लिहिलेला मी इतक्या वेळा दुरुस्त केला की आता मूळ कुठला आणि दुरुस्ती कुठली, हे कागदावरून कळत नव्हते. माझा आक्षेप तुला पाठ आहे: माणूस इतक्या कमी शब्दांत घर सोडत नाही. म्हणून मी त्यांना कारणे दिली, एक जुना राग दिला, शेजारीण दिली, एकदा तर पाऊस दिला. प्रत्येक वेळी प्रसंग जास्त सुबक झाला आणि जास्त मेला.

आज दुपारी आई झोपलेली असताना तुझे मूळ पान काढून समोर ठेवले. बाबा पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधतात. मान वर न करता म्हणतात, "तुला सगळ्यांचं ऐकून घेता येतं. माझं सोडून." उठतात आणि जातात. बस.

त्या सकाळी मी वसतिगृहात होते. तू जिन्यात होतास. हे मला नेहमीच माहीत होते. पण लेखनात साक्षीदाराला मान नसतो, रचनेला असतो, असे मी तुला वरचेवर सुनावत आले.

मी तुझ्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली फक्त बाईची बाजू लिहिली, कारण ती माझ्याकडे होती. ती दारात उभी आहे. तो जिना उतरू लागतो. तिचा डावा हात वर येतो, तळवा समोर, बोटे जुळलेली. तो वळून पाहत नाही. पावले खाली जाऊन थांबतात, हात तसाच वर राहतो. जिन्यातला मुलगा एकदा हाताकडे पाहतो, एकदा खाली.

एवढेच. लिहून झाल्यावर हात आपोआप पेनावरून सुटला. वाचून पाहिले. एक शब्द वाढवायला जागा नव्हती, आणि काढायलाही नव्हती. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखे हलके वाटले. ताप उतरल्यावर भूक लागते तशी भूक लागली. उभ्या उभ्या शिळी पोळी खाल्ली.

मग ध्यानात आले. त्या वाचनाला आईने दोनदा हात वर केला, तो तुझ्या वाक्याला होता की जिना उतरणाऱ्या माणसाला, हे विचारायचे आपल्यापैकी कोणालाच सुचले नाही. कारण विचारायचे नाही, हा नियम होता. आपण नियम पाळला. तू पाने रचून ठेवलीस आणि जिना उतरलास, आणि मी तिच्या हाताकडे पाहण्याऐवजी तुझ्या पानावर लाल रेघ मारत होते.

तुझा प्रसंग होता तसा ठेवला आहे. ही मेहेरबानी नाही. तो तसाच बरोबर आहे.

ती जागी झाली की तिला वाचून दाखवणार आहे. आतून सिस्टर हाक मारते आहे, तेवढे पाहून येते आणि मग पाकीट बंद करते.

नंतर: तिला ताप आहे. श्वासाला आवाज येतो आहे. प्रसंग वाचला नाही.


२० मार्च

धाकट्या,

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी आईची पाठ ऐकली, स्टेथोस्कोप स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि मला बाहेरच्या खोलीत नेले.

"छाती भरलीय. गाडी बोलवायची की नाही, ते आता सांगावं लागेल."

"तिला ऐकू येतं की नाही, एवढं मला सांगा."

"ते मला सांगता येणार नाही. तुम्ही मला सांगा, आईंना काय हवं असतं? त्या काय म्हणाल्या असत्या?"

माणूस कोणत्या क्षणी काय म्हणेल हे ओळखणे हा माझा धंदा आहे. न पाहिलेल्या देशातल्या, न जन्मलेल्या माणसांच्या तोंडी मी वाक्ये घातली आणि लोक म्हणाले, अगदी असेच बोलतात. मी खुर्चीवर बसले. आईसाठी एक वाक्य शोधू लागले. जी आली ती सगळी सुरेख होती आणि सगळी माझी होती. एखाद्याला 'गाडी बोलवा' म्हणायचे होते, एखाद्याला 'नका'. तिचे त्यात एकही नव्हते.

मावशी दारात उभी होती. ती एरवी गप्प बसत नाही. ती म्हणाली, "बाळ, तू थकलीस." मावशीनंतर मला बाळ म्हणणारे कोणी उरणार नाही, असा एक विचार आला, तो पुरेसा चांगला नव्हता म्हणून सोडून दिला.

मी सही केली. अक्षर नीट आले आहे.

तुझे म्हणणे मान्य झाले, असे यावरून समजू नकोस. तू बरोबर होतास असे मी म्हणत नाही. चाचणीतून काही सिद्ध झाले नाही, एवढेच म्हणते. सिद्ध न झालेल्या गोष्टीवर माणसाला यंत्राला बांधून ठेवता येत नाही. तिनेही ठेवले नसते.

कामाचे: उशाशी गुडघे टेकणाऱ्या मुलीचे पान मी निर्मात्याला देऊन टाकले. तू हो म्हणाला असतास. बाबांचा प्रसंग जसाच्या तसा जातो आहे. लेखक म्हणून दोघांची नावे राहतील, तुझे आधी, कारण चित्रपटातले पहिले वाक्य तुझे आहे.

तू येण्याची तसदी घेऊ नकोस. जे करायचे ते मी करते आहे. सिस्टर आहे, मावशी आहे, आणि तू आला नाहीस तरी आम्हा दोघींचे काही अडणार नाही.

तुझी मोठी बहीण


२१ मार्च

धाकट्या,

कालचे पत्र सोबत आहे. ते टपालात पडले नाही. त्यातले शेवटचे वाक्य खोडलेले दिसेल. खोडण्याचे कारण लिहिते आहे, कारण तो जुना नियम आता मोडायला हवा.

नेहमीप्रमाणे काल ते पत्र आईच्या खोलीत मोठ्याने वाचत होते. सिस्टर उशीचा अभ्रा बदलत होती. आईचे डोळे मिटलेले होते. श्वास वाईट चालला होता, वाचताना माझी आणि तिची लय सारखी आपटत होती. मी शेवटच्या वाक्यावर आले. 'तू आला नाहीस तरी आम्हा दोघींचे काही अडणार नाही.'

"ताई," सिस्टर म्हणाली. "हात बघा."

डावा हात पांघरुणावरून उचलला गेला होता. कोपर गादीवरच, पण मनगट ताठ, तळवा माझ्याकडे, बोटे जुळलेली. नखे सिस्टरने सकाळीच कापलेली. डोळे मिटलेलेच होते.

"तापात होतं असं," सिस्टर हळूच म्हणाली. "झटका येतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

असेल. डॉक्टरही तेच म्हणतील. हे शास्त्राने तपासायचे, तर वाक्य पुन्हा वाचून पाहायला हवे होते. मी वाचले नाही. एकदा तरी तपासणी पुरी झाली, असे मला वाटले. मी पेन घेतले आणि पत्र मांडीवर ठेवून ते वाक्य खोडले. कागदावर पेन ओढल्याचा आवाज त्या खोलीत चांगला मोठा झाला. हात खाली आला.

सिस्टरने अभ्रा घातला, बाहेर गेली आणि दार लोटून घेतले.

ती ऐकत होती, तर तिने सगळेच ऐकले. घरटे ऐकले, 'मुलांसाठी' ऐकले, परत आलेल्या बाबांना वाढलेली पाने ऐकली. उशाशी बसून मी विचारले तेही ऐकले, दोनदा. तेव्हा तिने हात का वर केला नाही, याचे जे उत्तर मला सुचते ते त्या पोरगेल्या दिग्दर्शकाने ते पान वाचून आधीच दिले होते, आणि मी त्याला चहाही दिला नाही.

आणि डॉक्टर बाहेरच्या खोलीत बोलले, दार उघडे होते, तेही तिने ऐकले.

म्हणून मी फाईल आणली. तो कागद काढला आणि खुर्ची पलंगाला चिकटवून तिला वाचून दाखवला. खर्डा वाचतो तसा: सावकाश, शब्द न गाळता, आवाजात काही न घालता. रुग्णालयात न्यायचे नाही. घशात नळी नाही. यंत्र नाही. मुलाची सही. मुलीची सही. तारीख. तारखेनंतर मी थांबले, जसे आपण प्रसंगानंतर थांबायचो.

हात पांघरुणावर होता. कड चाळवत नव्हता. मी पुष्कळ वेळ पाहत राहिले.

तो वर आला नाही.

याचा अर्थ काय लावायचा ते मी एकटीने ठरवणार नाही. एकटीने अर्थ लावून आपण पुष्कळ काही घालवले आहे. डॉक्टर दिवस सांगत नाहीत; पण हे पत्र मी टपालाने न पाठवता माणसाच्या हाती देते आहे, यावरून काय ते समज. तुझा जिन्यातला प्रसंग आज सकाळी तिला वाचून दाखवला. बाबांची ओळ, तिचा हात, सगळा. तिने ऐकला. मधे कुठे थांबवले नाही.

शेवट लांबवते आहे, हे मला कळते.

खोडलेल्या वाक्याच्या जागी काय लिहावे, यावर काल दुपारपासून बसले आहे. जे जे सुचले त्यात कुठेतरी मी दिसत होते. आता एकच शब्द उरला आहे. तो मी तिच्यासमोर मोठ्याने वाचून पाहिला. तिने हात वर केला नाही.

ये.

ताई